एमजीबीच्या पुढच्या डिस्क: साध्याच टाकू की मोठं किट मागवू?

गोदाकाठचा_गडी (मूळ धागा)

मंडळी, चहा घेऊन बसा, धागा लांबणार आहे.

गाडी १९६७ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची इंग्लिश स्पोर्ट्स कार. उजव्या हाताचं स्टिअरिंग, तारांची चाकं. काकांनी लायसन्स राजच्या काळात स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनच्या लिलावात घेतलेली, वकिलातीतल्या कुण्या साहेबाची. काका गेल्यावर चुलतभावंडांत कुणालाच नको होती, म्हणून माझ्या दारात आली. १७९८ सीसीचं इंजिन ठणठणीत आहे. दुखणं ब्रेकचं आहे. पुढं १०.७५ इंची सपाट डिस्क, मागं १० इंची ड्रम, सर्वो (पायाचा जोर वाढवणारी सोय) नाही, मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ऑइलवाटे चाकांकडं पाठवणारा) एकाच लाइनचा.

इथं नाशकात काही त्रास नाही. कॉलेज रोडवर कुणी आडवा आला तरी थांबते. पण मध्यंतरी मुंबईला जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला निघालो आणि कसारा घाटात घाम फुटला. इगतपुरी सोडून उताराला लागलो तसं स्टिअरिंग थरथरायला लागलं. सत्तरच्या पुढं ब्रेक दाबला की डॅशबोर्डसकट सगळं कापतंय. अर्धा घाट उतरेस्तोवर जळका वास, पेडल दगडासारखं कडक, आणि गाडी थांबायचं नाव घेईना. खाली बाजूला घेतली तर डाव्या पुढच्या चाकाच्या तारांना हात लावता येईना. उजवं चाक त्यामानाने कोमट.

डिस्क बदलायच्या हे नक्की. कडेला ओठ आलेत, जाडीही मॅन्युअलमधल्या किमान आकड्याला टेकलीये. विलायतेतून मागवायच्या तर एक म्हणजे कंपनीच्या मापाच्या साध्या, दुसऱ्या त्याच मापाच्या पण भोकं आणि खाचा पाडलेल्या, नाहीतर मग व्हेंटिलेटेड (आतून हवा खेळणाऱ्या) डिस्क आणि चार पिस्टनचे ॲल्युमिनियम कॅलिपर, म्हणजे पॅडने डिस्कला चिमटणारे भाग, असं अख्खं किट. साध्या जोडीत आणि किटमध्ये जेवढा फरक आहे तेवढ्यात पाचही टायर नवे येतील, कस्टम ड्युटी वेगळीच. भाचा म्हणतो, मामा किटच घे. गॅरेजवाला म्हणतो, आहे तीच डिस्क लेथवर फेस मारून (तोंड तासून) देतो, काही होत नाही.

तुम्ही काय म्हणता?

टर्बो_तात्या

पैला नंबर!

किटच घ्या हो. तारांच्या चाकातून भोकांची डिस्क आणि लाल कॅलिपर काय दिसेल राव. आणि पोर्शवाले उगाच भोकं पाडतात का? हवा खेळते, डिस्क गार राहते. एकदाच खर्च करा, कटकट मिटवा.

जुनंतेसोनं

तात्या, नातवाच्या बाइकला लावा ती भोकं. १९६७च्या गाडीला लाल कॅलिपर म्हणजे पैठणीवर स्पोर्ट्स शूज.

गडी, गाडी ५० वर्षांची कधीच झाली. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंद केलीत तर ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, फी २०,००० रुपये, नोंद १० वर्षांची. त्यात अट आहे की गाडी मूळ रूपात हवी. किट बसवून ते घालवू नका. मेळाव्यात परीक्षकसुद्धा बॉनेटच्या आधी चाकाकडं वाकून बघतात हल्ली.

काटेकोर_सिडको

मी आयुष्यभर ब्रेकच्या टेस्टिंगमध्ये काढलं, आता निवृत्त. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी जुनंतेसोनं यांना: नियमात मूळ रूपाबद्दल जे शब्द आहेत ते चासी, बॉडी आणि इंजिन यांच्याबद्दल आहेत. ब्रेकची डिस्क बदलली म्हणून गाडी व्हिंटेज राहत नाही असा अर्थ त्यातून निघत नाही. शिवाय व्हीए मालिकेत गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, मेळावा, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यालाच रस्त्यावर आणायची. गडींना रविवारी सकाळी गंगापूर धरणापर्यंत चक्कर मारायची असेल तर त्यांनी साध्या नोंदणीवरच राहावं, पर्यावरण कर भरावा आणि सुखी असावं.

आता डिस्क. तुमच्या एका धाग्यात तीन वेगळी दुखणी आहेत आणि तुम्ही तिन्हींना एकच गोळी मागताय.

पहिलं: गाडी किती अंतरात थांबते. कोरड्या मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात कचकन ब्रेक मारा. पुढची चाकं लॉक होतात का? होत असतील तर ब्रेकची ताकद पुरेशी आहे. तिथून पुढं अंतर टायर ठरवतो, डिस्क नाही. टायरची पकड चांगली धरली, म्हणजे घर्षणांक ०.८, तरी ८०च्या वेगातून थांबायला साधारण ३१ मीटर लागणारच. चार पिस्टनच्या जागी चाळीस लावले तरी त्यात मीटरभराचा फरक पडायचा नाही. टायर दहा वर्षांचे कडक झालेले असतील तर मात्र ते अंतर कुठल्या कुठं जातं.

दुसरं: उष्णता. हा खरा घाटाचा विषय. तुमची गाडी दोन माणसांसकट ११०० किलो धरा. कसारा घाटात उतरण साधारण ३०० मीटरची. वस्तुमान गुणिले गुरुत्वाकर्षण गुणिले उंची, म्हणजे सव्वातीन मेगाज्यूलच्या आसपास. १००च्या वेगातून गाडी पूर्ण थांबवायला ०.४२ मेगाज्यूल लागतात. म्हणजे निव्वळ ब्रेकवर घाट उतरलात तर शंभरावरून सात-आठ वेळा लागोपाठ थांबल्यासारखं झालं. यातला बराचसा भाग इंजिनाने खायला हवा, हवेचा विरोध थोडा खातो, उरलेला लोखंडात जातो.

१९५३ साली ल मांला जॅग्वार सी-टाइप डिस्क ब्रेकवर जिंकली, तेव्हाही मुद्दा एकदा झटकन थांबण्याचा नव्हता. ड्रमवाल्यांचे ब्रेक फेऱ्यांमागून फेऱ्या मऊ पडत गेले, यांचे टिकले.

उष्णता झेलायला लोखंडाचं वजन लागतं, आणि ती बाहेर टाकायला हवा. भोकं पाडली की वजन कमी होतं. सिंगल प्लेटच्या डिस्कमध्ये आतून हवेचा मार्गच नसतो, तर भोकातून हवा खेळणार कुठं? जुन्या पॅडमधून तापल्यावर वायू निघायचा, त्याला वाट म्हणून भोकं आली. आजच्या पॅडमधून तो फारसा निघत नाही. उलट वारंवार तापून गार होणाऱ्या डिस्कला भोकाच्या कडेपासून चिरा पडतात. तात्या, पोर्शची डिस्क आतून पोकळ पंख्यांची असते, जाडही असते, आणि ती दर थोड्या वर्षांनी बदलण्याइतके पैसे मालकाकडे असतात.

कंपनीनेच काय केलं बघा. १९७३ साली एमजीबी जीटीमध्ये ३५२८ सीसीचं व्ही-८ इंजिन घातलं तेव्हा डिस्क जाड केली, कॅलिपर मोठा केला. व्यास जवळपास तोच ठेवला, भोकं पाडली नाहीत. तुमच्या इंजिनाला तर तेवढंही लागत नाही.

तिसरं दुखणं थरथरीचं. ते बहुतेक डिस्कच्या दर्जाचं नसतंच. त्यावर सवडीने लिहितो.

वडाळा_नाका_गॅरेज

काटेकोरकाका बोलले ते बरोबर. मी पुस्तकातलं नाही सांगत, हाताखालचं सांगतो.

भो, डावं चाक तापतंय आणि उजवं नाही, म्हणजे डिस्कचा विषय नंतर. डावीकडचा ब्रेक सुटत नाहीये. एकतर कॅलिपरचा पिस्टन गंजून अडकला, नाहीतर रबरी होज (ब्रेक ऑइलची लवचिक नळी) आतून फुगलाय. होज बाहेरून नवा दिसतो, आत छिद्र सुईएवढं राहतं. तुम्ही दाबता तेव्हा जोर मोठा असतो म्हणून ऑइल पुढं जातं. पाय काढला की मागं यायला जोर नाही, तिथंच अडकतं. पॅड डिस्कला चिकटून राहतो, वीस किलोमीटरनं जळका वास.

तपासायचं कसं: पुढची बाजू जॅकवर घ्या. कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा. चाक हातानं फिरवा. जड फिरलं तर त्या चाकाचा ब्लीडिंगचा (हवा काढायचा) निपल थोडा सोडा. चिळकांडी उडून चाक मोकळं झालं तर ऑइलचं प्रेशर अडकलं होतं, होज बघा. निपल सोडूनही चाक जडच, तर पिस्टन बघा. पाच मिनिटांचं काम. डिस्कला हात लावायच्या आधी एवढं करा.

आणि ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?

गोदाकाठचा_गडी

काटेकोरकाका, दंडवत. भाच्याला दाखवलं, तो गप्प बसलाय.

भाऊ, ब्रेक ऑइल काकांच्या हयातीतलं असावं. रंग कोऱ्या चहाचा.

वडाळा_नाका_गॅरेज

मग घाटात पेडल खाली गेलं नाही हे देवाचे आभार माना. ते ऑइल हवेतलं पाणी ओढतं. आपल्याकडं चार महिने पाऊस, त्यात गाडी उभीच.

काटेकोर_सिडको

यात आकडे महत्त्वाचे आहेत. डॉट ३चं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १४०वर उकळू शकतं. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल फळीला टेकतं. गडींचं पेडल कडक होतं, म्हणजे ऑइल उकळलेलं नव्हतं, पॅड तापून गुळगुळीत झाले होते. दोन्ही फेडच (तापून ब्रेकची पकड जाणं), पण उपाय वेगळे. पेडल मऊ पडलं तर ऑइल. पेडल कडक आणि गाडी पळतेच, तर पॅड.

डॉट ४ घाला. सिलिकॉनचं डॉट ५ कुणी गळ्यात मारायला आलं तर नको म्हणा. जुन्या ऑइलमध्ये ते मिसळत नाही आणि पेडल स्पंजासारखं लागतं.

हेराल्डवाली

वाचतेय. एक उलटं उदाहरण देते, नाहीतर सगळे ‘अपग्रेड नकोच’ म्हणून उठाल.

माझ्याकडं मद्रासच्या स्टँडर्ड मोटर्सची हेराल्ड आहे, चारही चाकांना ड्रम. नांदुरीवरून सप्तशृंगी गड उतरताना दरवेळी बाबा मागून म्हणायचे, “गियरमध्ये ठेव, गियरमध्ये ठेव.” खाली येईपर्यंत पाय दुखून यायचा. मग ट्रायम्फ स्पिटफायरच्या ९ इंची डिस्क आणि कॅलिपर पुढं बसवले. दोन्ही गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन एकाच घराण्यातलं, त्यामुळे वेल्डिंग-बिल्डिंग काही करावं लागलं नाही. जमीन-अस्मानाचा फरक पडला.

पण तो फरक ड्रमवरून डिस्कवर आल्याचा. डिस्कवरून मोठ्या डिस्कवर गेल्याचा नाही. गडीदादा, तुमच्याकडं जे आहे तेच मी विकत आणलं. :-)

टर्बो_तात्या

म्हणजे मोठी डिस्क कधीच नको? मग लोक एवढे पैसे का घालतात?

काटेकोर_सिडको

घालावेत की. गाडी ट्रॅकवर पळवत असाल, इंजिन दुप्पट ताकदीचं केलं असेल, तर व्हेंटिलेटेड डिस्क हवीच. पण ती एकटी येत नाही. पुढचा ब्रेक मोठा केला आणि मागचे ड्रम तसेच ठेवले, तर पुढची चाकं आधी लॉक होतात आणि मागच्यांची पकड वापरलीच जात नाही. ओल्या रस्त्यावर हे जास्त जाणवतं, आणि इगतपुरीला ओला रस्ता म्हणजे अर्धं वर्ष. शिवाय चार मोठ्या पिस्टनना जास्त ऑइल लागतं, मास्टर सिलिंडर जुनाच, म्हणजे पेडल लांब जाणार. मग मास्टर बदला. मग पेडल जड, मग सर्वो लावा. तारांच्या चाकात तो रुंद कॅलिपर बसतो का हा प्रश्न तर मी विचारलाच नाही. बरेचदा तारांना घासतो.

सातपूर_जॉबवर्क

मध्येच तोंड घालतो. विलायतेतून कशाला मागवता? नमुना आणून द्या, सीएनसीवर कॉपी मारून देऊ. एमआयडीसीत आपलं शॉप आहे. आजवर दोन जुन्या जीपच्या करून दिल्यात.

काटेकोर_सिडको

साहेब, माल कुठला वापरला?

सातपूर_जॉबवर्क

एमएस प्लेट. चकाचक फिनिश.

काटेकोर_सिडको

याच भीतीने विचारलं. राग मानू नका, पण माइल्ड स्टीलच्या डिस्कवर गाडी घाटात नेऊ नये. डिस्कला ग्रे कास्ट आयर्न लागतं. त्यातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे उष्णता पटकन पसरते, कंपनं जिरतात, आणि पॅड ज्या पृष्ठभागासाठी बनवलेला असतो तो पृष्ठभाग मिळतो. एमएस तापलं की वाकतं, पॅडशी पटत नाही, कर्कश ओरडतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत चांगलं कास्टिंग नक्की मिळेल, पण पॅटर्न करा, ओता, ताण घालवा, दोन्ही तोंडं समांतर काढा, बॅलन्स करा. दोन डिस्कसाठी हा उद्योग विलायतेच्या कुरिअरपेक्षा महाग पडतो. वीस एमजीबीवाले जमले तर बोलू.

सातपूर_जॉबवर्क

जीपवाल्यांना फोन करतो आजच. आणि गडी, शॉपवर डायल गेज आहे, हब (डिस्क ज्यावर बोल्ट होते तो चाकाचा मधला भाग) घेऊन या, रनआउट, म्हणजे डिस्क फिरताना किती डुगडुगते ते, बघून देतो. पैसे नकोत, गाडी बघायचीये.

जुनंतेसोनं

अवांतर: धागा वाचून माझीच गाडी जॅकवर चढवली.

काटेकोर_सिडको

आता राहिलेलं तिसरं, थरथर.

लोक म्हणतात डिस्क वाकली. कास्ट आयर्नची डिस्क सहसा वाकत नाही. होतं काय, तर डिस्क हबवर किंचित तिरकी बसते. प्रत्येक फेऱ्याला तिची तीच जागा पॅडला घासून जाते आणि काही हजार किलोमीटरमध्ये त्या जागी जाडी कमी होते. जाडी असमान झाली की पॅड पुढं-मागं ढकलला जातो आणि ते तुमच्या हातात येतं. दुसरी शक्यता: घाट उतरून डिस्क लालबुंद असताना ट्रॅफिकमध्ये ब्रेक दाबून धरला, तर पॅडचा माल त्या जागी डिस्कला चिकटतो. तिथं घर्षण वेगळं, परत थरथर.

म्हणून नवीन डिस्क बसवताना हबचं तोंड साफ हवं. बारकासा गंजाचा खवला राहिला तरी बाहेरच्या कडेला तो दुप्पट-तिप्पट होऊन दिसतो. डिस्क बसवून डायल गेज लावा, कडेपासून सेंटिमीटरभर आत. ०.१ मिलिमीटरच्या आत हवं. जास्त आलं तर डिस्क हबवर एक भोक सरकवून परत बोल्ट करा, कधी कधी दोघांचे दोष एकमेकांना खातात.

आणि त्याआधी बेअरिंग. एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये दोन बेअरिंगच्या मध्ये स्पेसर आणि शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) असतात. एंड फ्लोट (हबला आत-बाहेर हलायला ठेवलेली ढील) २ ते ४ थाऊ, इंचाचे हजारावे भाग, म्हणजे ०.०५ ते ०.१ मिलिमीटर. आपल्याकडं कुणीतरी कधीतरी शिम फेकून देऊन अंदाजाने नट आवळलेला असतो. हब हलत असेल तर गेजचा आकडा काय कामाचा?

वडाळा_नाका_गॅरेज

शिम फेकणारे आमच्यातलेच, कबूल. :-D

अजून एक. लेथवर फेस मारायला हरकत नसते, जाडी शिल्लक असेल तर. इथं नाहीये. किमान आकड्याच्या खाली गेलेली डिस्क घासून वापरू नका, पॅड झिजले की पिस्टन जास्त बाहेर येतो, सील सुटतं.

गोदाकाठचा_गडी

अपडेट देतो. शनिवारी सकाळी सगळं उघडलं.

भाऊंची टेस्ट केली. भाचा पेडलवर, मी चाकावर. उजवं मोकळं. डावं दोन्ही हातांनी रेटावं लागत होतं. निपल पाव आटा सोडला, काळपट ऑइलची बारीक चिळकांडी, आणि चाक आपलं आपण गरगर. होज काढून ब्लेडने उभा चिरला. बाहेरचं रबर बरं होतं, आतलं सुजून छिद्राची रेघ झालेली, एका जागी पापुद्रा सुटून झडपेसारखा लोंबत होता. फोटो काढून ठेवलेत, ज्यांना रबरावर विश्वास आहे त्यांना पाठवतो.

मग हब घेऊन सातपूरला. डावीकडं स्पेसर आहे, शिम एकही नाही. हब हाताने हलतंय हे दिसत होतं. शॉपवाल्या साहेबांनी शिम घालून फ्लोट बसवला आणि मग गेज लावलं: काटा ०.२२पर्यंत गेला. डिस्क उतरवली तर हबच्या तोंडावर एका बाजूला गंजाची साय आणि तिच्यावर कधीतरी मारलेला काळा रंग, दोन्ही. तो थर घासून काढून तीच जुनी डिस्क परत लावली, ०.०७. उजवीकडं ०.०५.

लॉकची टेस्ट आधीच्या रविवारी केली होती. चाळीसवरून पुढची दोन्ही लॉक होतात. टायरवरचा तारखेचा शिक्का वाचला, त्याबद्दल बोलायला नको. टायरची ऑर्डर गेली.

हेराल्डवाली

म्हणजे थरथर हबची, वास होजचा, आणि शिक्षा डिस्कला होणार होती.

टर्बो_तात्या

मग आता डिस्क बदलायच्याच नाहीत?

गोदाकाठचा_गडी

बदलायच्या, जाडी संपलीच आहे ना. साध्या, कंपनीच्या मापाच्या. पॅडचं काय करू? एका दुकानाने रेसिंगचे सुचवलेत.

काटेकोर_सिडको

रेसिंगचे नकोत. त्यांना पकड यायला आधी तापावं लागतं. सर्वो नसलेल्या गाडीत सकाळी घरून निघून पहिल्या सिग्नलला त्र्यंबक नाक्यावर पाय रेटत बसाल. रस्त्यावर वेगात चालवण्यासाठीचे, गार असतानाही पकडणारे पॅड मिळतात. जुन्या इंग्लिश गाड्यांना मिंटेक्सचे एम ११४४ बरेच जण वापरतात, मीही एकाच्या गाडीला लावून पाहिलेत, गार असताना ठीक, तापल्यावर टिकतात. धूळ जास्त पडते, तारांची चाकं पुसायला वेळ ठेवा.

होज मात्र चारचे चार... माफ करा, तुमच्या गाडीला तीनच: पुढं दोन, मागं एक. तिन्ही बदला. कॅलिपरचे सील आणि पिस्टनही, पिस्टन स्टेनलेसचे मिळतात. मागचे ड्रम उघडून व्हील सिलिंडर गळत नाहीत ना बघा, शू ॲडजस्ट करा. मागचे ब्रेक ढिले असले की पुढचे दुप्पट राबतात, हे कुणी बघतच नाही.

वडाळा_नाका_गॅरेज

मागच्या ॲडजस्टरचं चौकोनी टोक गोल झालेलं असणार, पैज. गरम करून, गंज सोडवणारं ऑइल टाकून रात्रभर ठेवा. पक्कड लावू नका.

आणि गडीभाऊ, तुम्ही तिसरंच काहीतरी विसरताय. मास्टर सिलिंडर एकाच लाइनचा आहे. एक पाइप फुटला, एक सील गेलं, की चारही चाकांचा ब्रेक गेला. मग राहिला हँडब्रेक. मला पैसे एका ठिकाणी घाला म्हणाल तर मी किटमध्ये नाही, तिथं घालीन.

जुनंतेसोनं

हे मात्र मला पटतंय, आणि मी मूळ रूपाचा माणूस आहे. अमेरिकेला जाणाऱ्या एमजीबीला १९६८च्या मॉडेलपासून कंपनीनेच दुहेरी सर्किट दिलं होतं. म्हणजे घराण्याबाहेरचं काही नाही. जुना मास्टर कपड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवा, पुढच्या मालकाला द्या.

काटेकोर_सिडको

अनुमोदन. फक्त पेडल बॉक्सची रचना वेगळी आहे, नुसता सिलिंडर मागवून बसत नाही. पाइपही नव्याने वाकवावे लागतील. तांबं-निकेलचे पाइप घ्या, गंजत नाहीत आणि हाताने वळतात. भडका काढायचं हत्यार चांगलं हवं.

टर्बो_तात्या

भडका??

वडाळा_नाका_गॅरेज

पाइपचं तोंड फुलवायचं, तात्या. फ्लेअर. आग नाही लावत.

मखमलाबादकर

नवीन सभासद. माझी गाडी साधीच आहे, पण घाटाचं विचारतो. गियरमध्ये उतरायचं म्हणजे नक्की कुठल्या? आमच्याकडं सगळे न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवतात.

काटेकोर_सिडको

न्यूट्रल मारणाऱ्याच्या पुढंही राहू नका आणि मागंही. ज्या गियरमध्ये चढता त्यातच उतरा. गडींच्या गाडीला ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिन हळू फिरवणारा जादा गियर) असेल तर घाटाच्या तोंडाशीच तो बंद करून तिसऱ्यात घ्या, नाहीतर इंजिनाचा लगाम ढिला पडतो. तिच्या पहिल्या गियरला सिंक्रो (चालत्या गाडीत गियर अलगद पाडणारी सोय) नाही, त्यामुळे ऐन उतारावर पहिल्यात घालायची वेळ येऊ देऊ नका. ब्रेक पायाखाली सतत घासत ठेवण्यापेक्षा वेग वाढला की एकदा नीट दाबा, कमी करा, सोडा. सोडलेल्या वेळात डिस्क गार होते.

गोदाकाठचा_गडी

ओव्हरड्राइव्ह आहे. आणि त्या दिवशी चालूच होता.

ऑर्डरची यादी अशी झालीये: साध्या डिस्कची जोडी, एम ११४४ पॅड, स्टेनलेस पिस्टन आणि सील, तीन होज. होज स्टीलच्या जाळीचे घेऊ की रबरी?

वडाळा_नाका_गॅरेज

जाळीचे घ्या, पण आतलं फुगलं तरी दिसत नाही हे लक्षात ठेवा, आणि कुठं घासत असतील तर जाळीच बाजूची पत्रं कापते. मी रबरीच घालतो आणि पाच-सहा वर्षांनी बदलतो. तुमची मर्जी.

काटेकोर_सिडको

बसवल्यावर पॅड मुरवायला विसरू नका. नवीन डिस्कवरचं तेल आधी पुसून घ्या. मग मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम दाब देऊन आणा, पूर्ण थांबू नका, परत वेग घ्या. असं आठ-दहा वेळा. मग दोन-चार किलोमीटर ब्रेक न मारता गार होऊ द्या. दिंडोरी रोडला पहाटे जमेल. पहिल्याच दिवशी कसाऱ्याला नेऊ नका.

गोदाकाठचा_गडी

माल आला, बसवला, मुरवला. ॲडजस्टरची पैज भाऊ जिंकले, दोन्ही गोल होते.

काल तिसऱ्या गियरमध्ये घाट उतरलो, ओव्हरड्राइव्ह बंद. थरथर नाही. पेडल जरा लांब वाटलं म्हणून परत एकदा एअर काढायचीये. खाली उतरून चारही चाकांना हात लावला, पुढची दोन्ही सारखी गरम, मागची त्यांच्या निम्मी. पॅडचा वास किंचित आला, पण नवीन आहेत.

दुहेरी सर्किटचा पेडल बॉक्स शोधतोय. जुना चांगला मिळाला तर दिवाळीपर्यंत करीन.

टर्बो_तात्या

कॅलिपरला निदान रंग तरी?

गोदाकाठचा_गडी

दिलाय तात्या. काळा. उष्णता झेलणारा.

हेराल्डवाली

गडीदादा, पेडल बॉक्सची ऑर्डर टाकाल तेव्हा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. स्पिटफायरचे होज आणि कॅलिपरचं सील किट मलाही हवंय, कुरिअर निम्मं-निम्मं करू.